यकृताचं पथ्यपाणी : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही यकृताच्या आहाराविषयी आणि घरगुती उपायांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता : सकाळी उठून नेमकं काय प्यावं? उत्तरं देणारे यकृतविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मात्र पुन्हा पुन्हा दुसरीकडेच वळले. तुम्ही आत्ता काय काय पिता ते आधी सांगा, असं त्यांचं म्हणणं. निवडक प्रश्न देत आहोत.

प्रश्न : वय ४६, उंची १६५ सेंमी, वजन ७८ किलो. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलं. एसजीपीटी ६२, एसजीओटी ३८, प्लेटलेट २.४ लाख. मद्य घेत नाही. जिरं-ओव्याचं पाणी आणि दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर रोज सुरू आहे. साखर सोडून गुळाचा चहा घेतो, दिवसाला चार कप. आणखी काय घ्यावं? (नाशिक)

घेण्याआधी मोजू या. सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढरं दिसलं एवढंच. चरबीचा अंदाज त्यातून येतो, पण पुढचं नुकसान ठरतं ते यकृतात व्रणाच्या गाठी, म्हणजे फायब्रोसिस, किती झालं यावर. ते ग्रेडमधून कळत नाही. ग्रेड १ असून फायब्रोसिस असलेले रुग्ण असतात, ग्रेड ३ असून नसलेलेही. तुमच्याच रिपोर्टवरून घरी एक हिशोब मांडता येतो, त्याला ‘फिब-४’ म्हणतात. एसजीपीटी आणि एसजीओटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. वय गुणिले एसजीओटी करा. खाली प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ घ्या. वरच्याला खालच्याने भागा. तुमच्यासाठी : ४६ × ३८ = १७४८. ६२ चं वर्गमूळ साधारण ७.८७, त्याला २४० ने गुणलं की १८८९. भागाकार ०.९३. हा आकडा १.३ पेक्षा कमी असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ पेक्षा जास्त असेल तर यकृततज्ज्ञ गाठायचा, मध्ये असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायचा. प्लेटलेट २.४ असं लाखांत लिहिलेलं असतं. तसंच घातलं तर उत्तर शंभरपट फुगतं आणि माणूस उगाच घाबरतो. पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही, आणि ६५ नंतर १.३ ऐवजी २ ची मर्यादा धरतात.

म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. आता गुळाचा चहा. दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम गूळ धरला तरी चार कपांत ४० ग्रॅम होतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि त्यात गूळ, मध, फळांचा रस सगळं मोजते. कारण सरळ आहे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो बहुतांशी यकृतातच हाताळला जातो आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी बनते. गुळातल्या लोहाचं कौतुक चार कप चहात टिकत नाही. ‘साखर बंद केली’ म्हणून समाधान मानणाऱ्यांत गूळवाले सर्वांत जास्त भेटतात. उसाचा रस, पाकीटबंद ‘ज्यूस’, कोल्ड्रिंक याच यादीत. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिच्या बाटलीत ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. आख्खं फळ मात्र खा, दिवसाला दोन.

जिऱ्याचं पाणी निरुपद्रवी आहे, आवडत असेल तर चालू ठेवा. व्हिनेगरने यकृताची चरबी जाते असा पटण्याजोगा पुरावा नाही आणि न पातळ करता घेतलं तर दातांचं एनॅमल झिजतं. थांबवलंत तर काही बिघडणार नाही.

यकृताची चरबी हलते ती वजनाने. ५ टक्के वजन उतरलं की चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते, १० टक्क्यांच्या पुढे फायब्रोसिसही मागे सरकू शकतं. ७८ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आठवड्याला अर्धा किलो या गतीने साधारण तीन महिने धरा. घाई नको : आठवड्याला दीड किलोच्या वर उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात आणि यकृताची सूज उलट वाढू शकते. महिनाभर फक्त रसांवर राहणाऱ्यांचं हेच होतं.

ताटाचं म्हणाल तर महाराष्ट्रातलं जुनं ताट वाईट नाही, त्यातला भात आणि पोळीचा ढीग तेवढा वाईट. दुपारी एक ज्वारीची भाकरी, दोन वाट्या भाजी (एक पालेभाजी असली तर उत्तम), एक वाटी घट्ट उसळ किंवा वरण, कोशिंबीर, पेलाभर ताक. रात्री तसंच, पण आठच्या आत आणि भात घेतलात तर भाकरी नाही. प्रथिनांत बहुतेक घरं कमी पडतात. पातळ आमटीच्या वाटीत डाळ नावालाच असते. घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम प्रथिनं येतात. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम मासे सुमारे २०. बांगडा, तारली ही स्वस्त आणि ओमेगा-३ ची मासळी. रव्यात घोळून तळण्याऐवजी कालवण किंवा तव्यावर चमचाभर तेलात. शाकाहारी असाल तर जवस. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी ताटात असतेच. दोन चमचे जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा आणि कुटा. आख्खे दाणे न पचता बाहेर पडतात, आणि कूट महिनाभर उघडा ठेवला तर तेल खवट होतं. म्हणून आठवड्यापुरताच करा, फ्रीजमध्ये ठेवा. तेल सगळ्या घराचं मोजा : महिन्याला माणशी अर्धा ते पाऊण लिटर. याहून जास्त लागत असेल तर कढई कुठे चढते ते शोधा.

आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल इतकं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. वजन तसूभर न हलताही व्यायामाने यकृताची चरबी थोडी कमी होते, म्हणून काटा अडला तरी सोडू नका.

वजन ‘ठीक’ असलेल्या वाचकांनी हे उत्तर ओलांडून पुढे जाऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपल्याकडची बाळं जन्मतःच सडपातळ दिसूनही चरबीचं प्रमाण जास्त घेऊन येतात. त्यामुळे काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते : बेंबीपाशी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर गेलं की तपासणी करा.

प्रश्न : वय ५२, थायरॉइडची गोळी चालू. २०२० पासून गुळवेलीचा काढा रोज घेते, गेले तीन महिने हळदीची कॅप्सूलही. परवा डोळे पिवळे वाटले म्हणून तपासलं : एसजीपीटी ३१०, बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) २.४. काढ्यानेच यकृत बरं होईल ना? (ठाणे)

ताई, काढा आणि कॅप्सूल दोन्ही आज बंद करा. आणि या आठवड्यात नव्हे, उद्याच डॉक्टरांकडे जा. जाताना बाटल्या, पाकिटं, पावडर सगळं पिशवीत घालून न्या. एसजीपीटी नॉर्मलच्या पाचपटीहून जास्त आणि सोबत कावीळ, ही वाट बघण्याची स्थिती नाही. पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ती १.५ च्या वर असेल आणि माणूस गोंधळल्यासारखा, झोपाळू वाटत असेल तर थेट मोठं रुग्णालय.

गुळवेलीबद्दल वाचकांची खूप पत्रं आहेत, म्हणून थोडं सविस्तर. कोविडच्या काळात काढा घराघरांत शिरला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस पाहिलेल्या सहा रुग्णांची नोंद पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. नंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. नुकसानाचा नमुना ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटावी तसा होता. गुळवेल ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून घेतली जाते. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलेली असते (थायरॉइडचे बरेच रुग्ण यात येतात), त्यांच्यासाठी हाच गुण अडचणीचा. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे आणि रुग्णांनी तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल घेतली असावी, अशी त्यांची बाजू. दुसऱ्या अभ्यासातल्या डॉक्टरांनी रुग्णांकडच्या वनस्पतींची तपासणी करून आपलं म्हणणं कायम ठेवलं. वाद आहे तो आहे. पण कुठलीही बाजू खरी मानली तरी घरच्यासाठी निष्कर्ष एकच निघतो : कुंपणावरची वेल ओळखून रोज, वर्षानुवर्षं काढा पिणं धोक्याचं. क्रिस्पाच्या खोडावर ठळक पुळ्यांसारखे उंचवटे असतात, गुळवेलीची साल कागदासारखी पापुद्र्याने सुटते. मात्र वाळलेले तुकडे आणि पावडर यांत हा फरक कुणालाच दिसत नाही. थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, आधीचा यकृतविकार असलेल्यांनी गुळवेल स्वतःहून घेऊच नये.

हळदीची गोष्ट प्रमाणाची. हळदीत सुमारे ३ टक्के करक्युमिन असतं. घरातल्या भाजी-आमटीतून एका माणसाच्या पोटात दिवसाला एक ग्रॅम हळद गेली तर ३० मिलिग्रॅम करक्युमिन. ५०० मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत पंधरा-सोळा दिवसांची फोडणी. त्यात बहुधा मिऱ्याचं सत्त्व, पायपरिन, मिसळलेलं असतं. बंगळूरला १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात पायपरिनसोबत दिल्यावर रक्तातलं करक्युमिन वीसपट वाढलेलं दिसलं. उत्पादक ही जाहिरात म्हणून छापतात. यकृताच्या बाजूने पाहिलं तर हीच काळजीची गोष्ट, कारण हळदीच्या अर्काने झालेल्या यकृतइजेच्या बऱ्याच नोंदींत पायपरिन सोबत होतं. भाजीतली हळद, रात्रीचं हळद-दूध याला कुणाचीच हरकत नाही.

हाच न्याय ग्रीन टीला. पेल्यातला चहा चालतो. वजन घटवण्याच्या गोळ्यांमधला अर्क नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की अर्कातून ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृताची एन्झाइम्स वाढतात. अश्वगंधेच्या कॅप्सूलनेही कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांचं यकृत गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत सावरतं. बरं झाल्यावर ‘आता थोडंसं घेऊन बघू’ हा प्रयोग मात्र नको. दुसऱ्यांदा होणारी इजा लवकर आणि जोरात होते.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, वसतिगृहात राहतो. कावीळ झाली, बिलिरुबिन ८. गावी नाकात औषध सोडणारे आहेत, माळ घालणारेही आहेत. हळद, तेल, तूप बंद करून उसाचा रस देतोय. बरोबर आहे का? (सांगली जिल्हा)

मुलाच्या वयात आणि वसतिगृहात कावीळ म्हणजे बहुधा हेपॅटायटिस ए किंवा ई, दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून. २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेली साथ ई ची होती, तुमच्या भागात ती अजून लोकांच्या लक्षात असेल. दोन्हींवर खास औषध नाही, लागतही नाही. तरुण माणूस बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआप बरा होतो. गावठी औषधाची कीर्ती इथूनच येते : काहीही दिलं तरी शंभरातले बहुसंख्य बरे होणारच असतात.

माळेत ओल्या काड्यांचे तुकडे सैल गाठींनी बांधलेले असतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठ सरकते, माळ लांबते, डोक्यावरची माळ गळ्यात, गळ्यातली छातीवर येते, आणि ‘कावीळ उतरली’ म्हणतात. न कावीळ झालेल्याला घाला, तीही लांबेल. चुन्याच्या निवळीत हात धुताना पाणी पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. हे दोन्ही निरुपद्रवी म्हणून सोडून देता येतील. नाकातलं औषध तसं नाही. ते बहुधा देवडांगरीचं असतं. त्याने नाकाची आतली त्वचा भाजल्यासारखी होते आणि घळाघळा पिवळं पाणी वाहतं. ते पित्त नव्हे, सुजलेल्या त्वचेतून झिरपलेलं पाणी. काही जणांना त्यातून रक्त येतं. डाग देण्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता पथ्य. काविळीतला पिवळा रंग बिलिरुबिनचा. जुन्या लाल पेशी मोडून तो रोज तयार होतो आणि आजारी यकृताला तो बाहेर टाकता येत नाही. हळदीच्या पिवळेपणाचा त्याच्याशी संबंध नाही. तेल-तूप संपूर्ण तोडल्याने यकृताला विश्रांती मिळत नाही, मुलाचं वजन मात्र उतरतं. मळमळ होते म्हणून तळण नको, एवढंच. चमचाभर तूप घातलेली पेज, मऊ खिचडी, दही-भात, उकडलेलं अंडं, केळं, सगळं चालतं. या आजारात मळमळ दिवस चढेल तशी वाढते, म्हणून भूक असते ती सकाळी. सर्वांत मोठं खाणं तेव्हा द्या आणि संध्याकाळी आग्रह करू नका.

उसाच्या रसात ताकद आहे, पण रसवंतीतला बर्फ आणि बादलीत विसळलेला पेला हेच कदाचित या आजाराचं मूळ. घरी कापलेलं मोसंबं, लिंबू सरबत, उकळून गार केलेलं पाणी द्या. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. आजार कुठून आला हे शोधायचं तर कालचं जेवण आठवून उपयोग नाही : ए ला दोन ते सात आठवडे, ई ला दोन ते दहा आठवडे लागतात. महिन्यापूर्वीची टाकी तपासा.

तपासण्या चार : आयजीएम एचएव्ही, आयजीएम एचईव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी साठी) आणि पीटी-आयएनआर. बिलिरुबिन ८ चं १२ झालं म्हणून घाबरू नका, आयएनआर वाढू लागला तर लगेच हलवा. दिवसा झोपणं आणि रात्री जागणं, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त, थांबतच नाही अशी उलटी, यातलं काहीही दिसलं तरी रुग्णालय. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांहून कमीच, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे ध्यानात ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर तिला जराही कावीळ दिसली की घरी ठेवू नका. शेवटच्या तिमाहीत हेपॅटायटिस ई मध्ये चार-पाचांतली एक दगावू शकते. मुलाला हेपॅटायटिस ए निघाला तर घरातल्या इतरांना दोन आठवड्यांच्या आत लस देऊन फायदा होतो. हात साबणाने धुवा, सॅनिटायझर या विषाणूवर तितका चालत नाही.

प्रश्न : रोज दुधीचा रस घेतो. काल कडू लागला, तरी नाक दाबून प्यायलो. (पुणे)

पुन्हा असं करू नका. कडू दुधीत क्युकर्बिटासिन नावाचं विष असतं. तासाभरात उलट्या, रक्ती जुलाब, रक्तदाब कोसळणं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) समिती नेमून कडू रस पिऊच नये असं सांगितलं. त्यावर उतारा नाही. रस काढण्याआधी दुधीच्या दोन्ही टोकांचा तुकडा जिभेला लावा, कडू असेल तर सगळा फेका. लिंबू, मध घालून चव झाकू नका. दुधीची भाजी करा. शिजताना कुणीतरी चाखतंच.

प्रश्न : ऑलिव्ह तेल, लिंबू आणि एप्सम सॉल्ट घेऊन यकृताची सफाई केली. सकाळी हिरवे खडे पडले. फोटो पाठवत आहे. (बदलापूर)

फोटो मिळाला. ते पित्ताचे खडे नाहीत. तेल, लिंबू आणि आतड्यातले क्षार यांचा साबण तयार होतो, पित्ताचा हिरवा रंग त्याला चढतो. २००५ मध्ये असे ‘खडे’ प्रयोगशाळेत तपासले तेव्हा त्यांत कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच सापडलं नाही. खऱ्या खड्याने पित्ताच्या नळीत अडकून बसावं, एवढाच काय तो खरा संभव. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एप्सम सॉल्टने रक्तातलं मॅग्नेशियम चढून हृदय मंदावतं.

प्रश्न : नवरात्रात नऊ दिवस उपवास केले. नंतरच्या तपासणीत बिलिरुबिन २.१, बाकी सगळं नॉर्मल. आई म्हणते कावीळ आहे. वय २७. (छत्रपती संभाजीनगर)

रिपोर्टमध्ये ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन पाहा. ते ०.३ च्या आसपास आणि बाकीचं सगळं ‘इनडायरेक्ट’ असेल, एसजीपीटी आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असेल, तर हे बहुधा गिल्बर्ट. जन्मजात, निरुपद्रवी, शेकडा पाचेक लोकांत आढळणारं. यकृतातलं एक एन्झाइम थोडं मंद असतं आणि कमी खाल्लं की एक-दोन दिवसांत बिलिरुबिन वर जातं. आठवडाभर नीट जेवून पुन्हा तपासा, खाली आलेलं दिसेल. रक्तपेशी तुटत नाहीत ना हे पाहायला रेटिक्युलोसाइट काउंट एकदा करा. औषध, पथ्य, काढा काही नको. उपवास करायचाच तर दिवसभर नुसता चहा नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याला दाण्याचा कूट आणि दही जोडा. वरीच्या भाताबरोबर दाण्याची आमटी घ्या. आणि हे निदान लिहून ठेवा : कर्करोगावरच्या इरिनोटेकॅनसारखी काही औषधं देताना डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं.

प्रश्न : वडिलांना सिरोसिस आहे, वजन ६० किलो, पोटात पाणी होतं. जड होईल म्हणून डाळ, अंडी बंद केली. भुईआवळा आणि आरोग्यवर्धिनी द्यावी का? (कोल्हापूर)

डाळ आणि अंडी आज सुरू करा. सिरोसिसमध्ये प्रथिनं तोडण्याचा सल्ला एके काळी सर्रास दिला जायचा, आता तो चूक ठरला आहे. स्नायू वितळले की अमोनिया (प्रथिनांपासून बनणारं, मेंदूला घातक द्रव्य) हाताळायची शरीराची दुसरी जागा जाते आणि गुंगी येऊन शुद्ध हरपण्याचा धोका वाढतो. किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे वडिलांना दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम लागतात. दोन अंडी १२, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट वरण १४, वाटीभर दही ७, पन्नास ग्रॅम पनीर ९, चार पोळ्या १२ : झाले ७०. त्यात तीस ग्रॅम सोया वडी घातली की ८५. एका बैठकीत नाही, सहा वेळा थोडं थोडं.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं रात्री झोपतानाचं. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याचं शरीर स्नायू जाळू लागतं. सिरोसिसमध्ये ती वेळ एका रात्रीत येते. म्हणून रात्री दहाला दुधातलं नाचणीचं सत्त्व, किंवा पेलाभर दूध आणि पोळी द्या. एकादशी, चतुर्थी सोडा. वडिलांना पटत नसेल तर घरच्या गुरुजींकरवी सांगा, त्यांचं ऐकतील.

पोटात पाणी आहे म्हणून मीठ दिवसाला ५ ग्रॅम : एक सपाट छोटा चमचा, सकाळी वाटीत काढून ठेवा, त्यातच सगळा दिवस. लोणचं, पापड (पापडखारातही सोडियम असतं), फरसाण, पाव, सूपची पाकिटं बंद. अळणी जेवणाला लिंबू, आलं, कोथिंबीर, जिऱ्याची पूड. ‘लो-सोडियम’ मीठ मात्र अजिबात आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाणी उतरवायला दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोनमुळे ते आधीच वाढलेलं असतं. शौचाला दिवसातून दोन-तीनदा मऊ झालीच पाहिजे, बद्धकोष्ठ झालं की अमोनिया चढतो. गुडघे दुखले तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, मूत्रपिंड बसतं. कोकणात-गोव्यात नातेवाईक असतील तर अर्धवट शिजलेली कालवं-शिंपल्या देऊ नयेत. त्यांतला एक जंतू सिरोसिसच्या रुग्णाला दोन दिवसांत संपवू शकतो.

भुईआवळ्याची कीर्ती १९८८ च्या चेन्नईतल्या अभ्यासातून आली. त्यात हेपॅटायटिस बी च्या वाहकांपैकी ५९ टक्क्यांचा विषाणू गेल्याचं म्हटलं होतं. पुढे इतरांनी करून पाहिलं, तसं निष्पन्न झालं नाही. आरोग्यवर्धिनीत निम्मं वजन कुटकीचं, उरलेल्यात पारा-गंधकाची कज्जली, लोह, अभ्रक आणि ताम्र भस्म. ताम्र म्हणजे तांबं. विल्सन विकारात यकृत तांब्यानेच बिघडतं, तिथे हे आगीत तेल. सिरोसिसमध्ये मूत्रपिंडही नाजूक असतात, त्यामुळे ही गोळी दुकानातून आणून देऊ नका.

प्रश्न : शनिवारी दोस्तांबरोबर बसतो, रविवारी लिव्हर टॉनिक घेतो. चालेल? (वय ३४, मुंबई)

टॉनिकने शनिवार पुसला जात नाही. मोजा : ३० मिलि व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलि बाटलीत ४१ ग्रॅम. ‘फक्त बिअर’ म्हणणारा दोन बाटल्यांत आठ छोटे पेग घेतो. फॅटी लिव्हर असेल तर सुरक्षित माप सांगण्यासारखं नाही, शून्यच.

प्रश्न : कॉफी यकृताला चांगली, खरं का? (डोंबिवली)

खरं. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत फायब्रोसिस, सिरोसिस आणि यकृताचा कर्करोग कमी आढळतो. बऱ्याच देशांतली निरीक्षणं एकाच दिशेची आहेत. फिल्टर चालते, इन्स्टंटही. साखर नको आणि चिकोरी कमीत कमी. ॲसिडिटी, धडधड किंवा झोपेचा त्रास असेल तर यकृतासाठी म्हणून सुरू करू नका.

प्रश्न : शेंगदाणे यकृताला वाईट का? (जळगाव)

चांगला दाणा वाईट नाही, रोज मूठभर खा. बुरशी लागलेल्या दाण्यात आणि मक्यात ॲफ्लाटॉक्सिन असतं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागांत, बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. थोडं थोडं, वर्षानुवर्षं गेलं तर यकृताचा कर्करोग होतो, आणि हेपॅटायटिस बी असलेल्यात तो धोका कितीतरी वाढतो. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. कुटासाठी स्वस्त ‘फुटका’ दाणा घेऊ नका. घरी आणल्यावर ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, हिरवट दाणे वेचून टाका, एखादा चावून कडू लागला तर थुंका आणि ती पिशवीच परत करा. डबा कोरडा हवा. पावसाळ्यात महिनाभराचे दाणे एकदम भरू नयेत.